खोटं खोटं प्रेम आणि नवव्या प्रकरणातला खड्डा

सांगलीच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीनं आपल्या पहिल्या कादंबरीचा खर्डा पाठवून विचारलंय : "अकरावीतली सानिका आणि ओंकार 'आमचं चालू आहे' असं नाटक करतात. वर्ग सानिकाला प्रथमेशच्या नावानं चिडवतो, ते तिला थांबवायचंय. ओंकारला सोडून गेलेल्या ऋतुजाला जळवायचंय. पहिली आठ प्रकरणं पळतात, नवव्यापासून गाडी रुतते. मैत्रिणी म्हणतात, नेटफ्लिक्सची कॉपी वाटते. मधला भाग कसा उचलू? आणि गोष्ट इथली कशी वाटेल?"

खर्डा दोनदा वाचला. एकदा रात्री आडवं पडून, एकदा टेबलाशी पेन्सिल घेऊन. कुमारवयीनांसाठीच्या पुस्तकांचं संपादन करायला लागून मला सतराएक वर्षं झाली. त्याआधी अकरावी-बारावीला मराठी शिकवायचे. त्यामुळे तुझ्या पात्रांच्या वयाची पोरं मी बाकांवरही पाहिलीत आणि कागदावरही. बाकांवरची जास्त चतुर असतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाच.

आधी कॉपीचं बघू, कारण त्या शब्दानं तू उगाच खचलीयस. जोडपं असल्याचं सोंग ही कुणाच्या मालकीची कल्पना नाही. आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेला 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. पुण्यात खोली हवी, लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार, मग दोघांना लुगडी नेसण्यावाचून गत्यंतर नाही. २०१२ साली झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लागायची. त्यात घरच्यांच्या लग्नाच्या तगाद्यातून सुटायला घना आणि राधा चक्क करार करून लग्न करतात. प्रतिलिपी या गोष्टी वाचायच्या अॅपवर तर कॉन्ट्रॅक्ट मॅरेजच्या मालिकांचे भाग रोज पडतात आणि लोक पुढच्या भागासाठी जीव टाकतात. तेव्हा कल्पना उसनी असल्याची काळजी सोड. तुझ्या मैत्रिणींना खटकलंय ते वेगळंच आहे, त्यांना ते नीट सांगता आलेलं नाही एवढंच.

वरच्या दोन्ही उदाहरणांत सोंग घेण्याचं कारण किती घट्ट आहे बघ. डोक्यावर छप्पर नाही. लग्नासाठी घरचे पाठ सोडत नाहीत. सोंग घेतलं नाही तर आज संध्याकाळीच अडणार आहे. आणि हे कारण त्या त्या गावच्या मातीतून आलेलं आहे. पुण्यात भाड्यानं खोली शोधलेल्या माणसाला 'बनवाबनवी' समजावून सांगावा लागत नाही.

आता तुझ्या मैत्रिणींच्या मनात जे पुस्तक आहे, ते उघडून बघू. जेनी हान यांची 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर' ही कादंबरी २०१४ची, तिच्यावरचा नेटफ्लिक्सचा सिनेमा २०१८चा. लारा जीन नावाची कोरियन-अमेरिकन मुलगी, आई वारलेली, वडील डॉक्टर, तीन बहिणींतली मधली. एखादा मुलगा मनात भरला की त्याला विसरण्यासाठी ती पत्र लिहायची आणि टोपीच्या डब्यात ठेवून द्यायची. अशी पाच पत्रं. एक दिवस ती पाचही पोस्टात पडतात. त्यातलं एक जोशला जातं, आणि जोश म्हणजे थोरल्या बहिणीचा, मार्गोचा, नुकताच मागे सुटलेला मित्र. त्याला 'हिचं आपल्यावर काही नाही' हे पटवायलाच हवं. दुसरं पत्र पीटरला जातं, त्याला आपल्या आधीच्या मैत्रिणीला, जेनेव्हीव्हला, जळवायचंय. दोघं लेखी करार करून नाटक सुरू करतात.

पीटरचं कारण किरकोळ आहे, वयाला शोभेलसं. लारा जीनचं कारण मात्र घरातलं आहे. थोरली बहीण दुखावली जाईल, ही भीती. आई गेल्यावर त्या बहिणीनंच घर सांभाळलेलं असतं, त्यामुळे ही भीती कुणालाही कळते, व्हर्जिनियातल्या मुलीलाही आणि मिरजेच्याही. पुस्तक त्या भीतीवर उभं आहे. गोडवा वरचा.

तुझ्या खर्ड्यात ओंकारचं कारण पीटरचंच आहे. असू दे, जगात सोडून गेलेल्या मुली सगळीकडे आहेत. सानिकाचं कारण मात्र अस्सल इथलं आहे, आणि ते तू पान चारवर दोन ओळींत उरकलंस! 'वर्गात सगळे तिला प्रथमेशवरून चिडवायचे. तिला त्याचा कंटाळा आला होता.' संपलं. अगं, हे सोनं आहे.

चिडवाचिडवी कशी चालते ते आठव. मी हजेरी घ्यायचे. बारा नंबर पुकारला की मागच्या तीन बाकांवर एकदम खोकल्याची साथ यायची. मी वर बघितलं की सगळे पुस्तकात. एकोणचाळीस नंबर पुकारला की पुन्हा तीच साथ. आठवडाभरानं मला कळलं, की बारा आणि एकोणचाळीस यांची वर्गानं जोडी लावलेली आहे. कारण काय, तर गॅदरिंगच्या नाटकात दोघं नवरा-बायको झाले होते. त्या दोघांनी आयुष्यात एकमेकांशी धड चार वाक्यं बोललेली नव्हती. फळ्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरं आणि मधे अधिकचं चिन्ह. ती वर्गात शिरली की कुणीतरी त्याला कोपरानं ढोसणार. मग एक दिवस त्याचा मित्र तिला जिन्यात म्हणतो, "वहिनी, जरा सरकता का?" आणि ती पोरगी घरी जाऊन आईला सांगते, मला तुकडी बदलून द्या.

म्हणजे आपल्याकडे खोटी जोडी लावायचं काम वर्ग स्वतःच करतो, फुकटात, त्या दोघांना न विचारता. हे तुझ्या हातात असताना तू व्हर्जिनियाकडे कशाला बघतेस? सानिकाची खरी मागणी अशी आहे : तुम्ही माझ्यावर लादलेल्या खोट्यापेक्षा माझ्या पसंतीचं खोटं परवडलं. हे तिच्या तोंडून म्हणवून घेऊ नकोस, पण तुला माहीत असू दे. पहिलं पूर्ण प्रकरण चिडवण्याला दे. ते 'वहिनी' पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा तिच्या हातात काय होतं, ती जिन्याच्या कितव्या पायरीवर होती, ती हसली का. बहुतेक हसली असेल. मुली अशा वेळी हसतात, आणि मग त्या हसण्यावरून आणखी चिडवतात.

यातून एक प्रश्न आपोआप येतो, जो तू विचारलेलाच नाहीस. प्रथमेशचं काय? चिडवणं दोघांना होतं. सानिका ओंकारबरोबर दिसायला लागल्यावर वर्ग प्रथमेशकडे कसा बघणार? 'बिचाऱ्याची काशी झाली' म्हणून! ज्याचं काहीच नव्हतं त्याचा प्रेमभंग वर्ग साजरा करणार, कुणीतरी त्याला कॅन्टीनमध्ये उगाच कटिंग पाजणार. आणि समजा त्या चिडवण्याची त्याला आतून थोडी सवय झाली होती, थोडं बरंही वाटत होतं, तर? तुझ्या खर्ड्यात हा मुलगा पाचव्या पानानंतर गायब आहे. त्याला परत आण. सोंगाच्या गोष्टीत कुणीतरी असा असतो ज्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि वाचक त्याचीच बाजू घेतो.

आता नववं प्रकरण. तिथून सलग चार प्रकरणं सानिका आणि ओंकार फिरतात. आमराई, आयर्विन पूल, सिनेमा, गणपती मंदिराबाहेर भडंग. वर्णनं छान आहेत, भडंगाचं तर वाचून मला भूक लागली. पण पेन्सिल घेऊन बसल्यावर मी समासात चारही ठिकाणी एकच शब्द लिहिला : 'कुणासाठी?' आमराईत त्यांना कोण बघतंय? पुलावर कोण आहे? नाटकाला प्रेक्षक लागतो. प्रेक्षक नसताना ते दोघं हातात हात घेऊन पुलावर उभे असतील, तर एक तर लेखिका विसरलीय की हे नाटक आहे, नाही तर ते दोघं विसरलेत. दुसरं असेल तर तो कादंबरीतला सगळ्यात मोठा क्षण आहे, आणि तो नकळत चार वेळा खर्च झालाय. गाडी रुतते ती इथं.

प्रत्येक प्रसंगाच्या आधी स्वतःशी लिही : आत्ता बघणारं कोण, आणि त्याला काय दिसायला हवंय. बघणारं कुणीच नसेल तर तो प्रसंग राखून ठेव. पूर्ण पुस्तकात असे दोन पुरेत. फार तर तीन.

आणि हे बघणारे आपल्याकडे एकाच प्रकारचे नसतात. तुझ्या मैत्रिणींना जी 'कॉपी' वाटली ती मला इथं सापडली. लारा जीनच्या गावात शाळेला आणि घराला एकच खोटं सांगितलं जातं. पीटर तिच्या घरी येतो, वडिलांना भेटतो, धाकट्या बहिणीशी त्याची गट्टी जमते. बॉयफ्रेंड असणं ही तिथं उघड गोष्ट आहे. तुझी सानिका सांगलीत राहते. तिनं वर्गाला सांगायचंय 'आमचं आहे', आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरी दाखवायचंय, 'तो क्लासमधला एक मुलगा, नोट्स न्यायला आला होता.' दोन प्रेक्षक, दोन उलटी नाटकं, नट तेच. तुझ्या खर्ड्यात घर आहे कुठं? आई पोहे करते, बाबा कोर्टात जातात. चौदाव्या प्रकरणापर्यंत त्यांना कशाचाही वास लागत नाही. सांगलीत! जिथं ओंकारनं गाडी वळवली तरी कुणाच्या तरी काकांना दिसतं!

खरं तर आपली पोरं याच्या उलट सोंगात तरबेज असतात. खरोखर चालू असलेलं प्रकरण लपवायला 'मानलेला भाऊ' म्हणून ओळख करून देणं, वेळ आली तर राखीसुद्धा बांधणं, ही आपली जुनी विद्या. खरं प्रेम झाकायला खोटं नातं. तुझी गोष्ट ते उलटं फिरवते : खोटं प्रेम मिरवायचं, आणि वर तेच खोटं प्रेम घरापासून खऱ्यासारखं लपवायचं. म्हणजे सानिका जे अस्तित्वातच नाही ते लपवण्यासाठी मोबाईल उलटा ठेवते, कॉल आला की गॅलरीत जाते, आईशी खोटं बोलते. पकडली गेली तर शिक्षा पूर्ण मिळणार, आणि ज्याच्यासाठी मिळणार ते पदरात काहीच नाही. हसू येतं ना? आणि थोडं वाईटही वाटतं. तुझं नववं ते चौदावं प्रकरण या दोन्हींतून निघेल, फिरण्यातून निघणार नाही.

यासाठी यंत्रणा लागते, आणि ती तुझ्या पिढीला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. इन्स्टावर क्लोज फ्रेंड्सची यादी असते. त्या यादीतल्यांनाच दिसेल अशी, हिरव्या कड्याची स्टोरी टाकता येते. सानिकाचं नाटक खरं म्हणजे त्या हिरव्या कड्यात चालणार. मग यादी कोण करतं, कशी करतं, हा एक अख्खा प्रसंग आहे. वर्गातल्या अठ्ठावीस जणांना आत घ्यायचं, मावशीच्या मयुरीला बाहेर ठेवायचं. पण मयुरी आधीपासून यादीत आहे, दिवाळीत घेतलेली. काढलं तर तिला सूचना जात नाही, पण कधीतरी लक्षात येतंच. ठेवलं तर मावशी, आणि मावशी म्हणजे आई, मधे फक्त एक फोन. सानिका रात्री साडेअकराला पांघरुणात यादीतली नावं वर-खाली करतेय, शेजारी आजी घोरतेय. एवढ्यावर तू पाच पानं लिहू शकतेस. व्हॉट्सअॅपचं स्टेटस कुणाकुणापासून लपवायचं, बाबांच्या नंबरापासून सुरुवात करून, तेही याच प्रसंगात बसेल.

बाबा वकील आहेत हे तू का ठेवलंस, मला कळलं नाही, कारण तू ते वापरलेलंच नाहीस. करार वकिलाच्या मुलीनं केलाय! जेनी हान यांच्या पुस्तकात लेखी करार आहे म्हणून तू रफ वहीच्या मागच्या पानावर नियम लिहवून घेतलेस. ठीक. पण सानिकाच्या घरी लहानपणापासून जेवताना पक्षकार आणि तारखा ऐकू येतात. तिचा करार 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असाच सुरू होईल. ओंकार म्हणेल, स्टँपपेपर आणू का शंभरचा? आणि ती सांगेल, शंभरचे गेले आता, पाचशे लागतात, तुझ्याकडं आहेत का? यापुढं एक गंमत आहे. करार कायदा १८७२चा. त्याप्रमाणे अठरा पूर्ण नसलेल्याचा करार मुळातच निरर्थक ठरतो, आणि अठरा पूर्ण नसलेल्याला आपल्या कायद्याच्या मराठीत शब्द आहे 'अज्ञान'. दोघंही अज्ञान. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असेल की बाबांच्या तोंडून नंतर कळेल, ते तू ठरव. मी असते तर तिला पहिल्यापासून माहीत ठेवलं असतं आणि ओंकारला सांगितलं नसतं.

नियमांमधला एक नियम मात्र बदल. 'किस नाही' हा नियम तू तिकडून उचललास आणि मग सतराव्या प्रकरणात तो मोडलास. मी सोवळेपणानं म्हणत नाही. तुझी पात्रं सोळा-सतराची आहेत. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अठराखालची व्यक्ती बालक धरली जाते, आणि त्या वयाच्या शारीरिक जवळिकीला कायदा संमती मानत नाही. कुमारांच्या पुस्तकात मी त्या वाटेला जात नाही, तुलाही गरज नाही. शिवाय हा नियम इथं पोकळ आहे. सांगलीतल्या अकरावीच्या मुलीला 'एका गाडीवर बसायचं नाही' हा नियम जास्त जड आहे. गाडीवर मागे बसली की गावभर झालं. कुठं धरायचं, सीटमागचं हँडल की त्याचा खांदा, बॅग मधे ठेवायची का पाठीला, ओढणी तोंडाला बांधायची का. बांधली तर घरच्या प्रेक्षकाला ओळखू येत नाही, पण मग वर्गातल्यालाही ओळखू येत नाही. आली का पंचाईत?

किंमत कोण मोजतं हेही बघ. हान यांच्या पुस्तकात स्की ट्रिपच्या वेळी हॉट टबमधल्या प्रसंगावरून शाळेत अफवा उठते, आणि ती लारा जीनला जितकी चिकटते तितकी पीटरला चिकटत नाही. ती गोष्ट मला त्या पुस्तकातली सगळ्यात खरी वाटते. तुझ्या खर्ड्यात सोंगानं ओंकारची कॉलर ताठ होते, मित्र पाठीवर थाप मारतात. सानिकाचं काय होतं? तू लिहिलंयस, 'ती लोकप्रिय झाली'. झाली असेल आठवडाभर. मग भूगोलाच्या मॅडम तिला बाजूला घेऊन 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' म्हणतात, ओंकारला कुणी काही म्हणत नाही. हे ओंकारच्या कधी लक्षात येतं? मला वाटतं, तुझ्या गोष्टीत प्रेम तिथं सुरू व्हावं. भडंग खाताना नको. आपल्याला जे फुकट मिळतंय त्याचे पैसे ही भरतेय, हे ज्या दिवशी त्या पोराला दिसतं त्या दिवशी.

आणि ते दिसल्यावर तो काय करतो, यासाठी तुझ्याकडं एक जागा आहे. अकरावी-बारावी सायन्सची पोरं आता कॉलेजात फारशी नसतातच, विश्रामबागच्या क्लासमध्ये असतात, सीईटी नाही तर नीट. कॉलेजला येतात प्रॅक्टिकलपुरती. आणि प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. ओंकारची चित्रकला चांगली आहे असं तू तिसऱ्या प्रकरणात म्हणून ठेवलंयस. मग सानिका तापानं आडवी असताना तो तिच्या जर्नलातल्या आकृत्या काढून देतो. पेन्सिलीनं, पट्टी लावून नावं, उजव्या बाजूला एकाखाली एक. कुणाला दिसणार नाही. सही करणारे सर एका हातानं पान उलटत दुसऱ्या हातानं सही मारतात. ऋतुजाला कळणार नाही, वर्गाला कळणार नाही, घरी तर नाहीच. हा प्रेक्षक नसलेला पहिला प्रसंग. सानिका जर्नल उघडते आणि बघते, की त्यानं कांद्याच्या सालीच्या पेशी मोजून सारख्या काढल्यात, आणि तिच्या सवयीप्रमाणे मार्जिनच्या बाहेर एक बारीक टिंब दिलंय. ती नेहमी देते तसं. म्हणजे त्यानं बघितलेलं होतं. इथं प्रकरण थांबव. तिच्या मनात काय आलं ते अजिबात लिहू नकोस. खर्ड्यात अशा प्रत्येक जागी 'तिच्या हृदयात काहीतरी हललं' आहे. मी मोजलं, अकरा वेळा हललंय.

भाषेचं थोडंसं. 'डेट करणं' हे क्रियापद तुझ्या निवेदनात तेवीसदा आहे आणि संवादात एकदाही नाही. तुझा कान बरोबर आहे, हात चुकलाय. तुझी पोरं म्हणतात 'त्यांचं चालूय', 'ती कमिटेड आहे', 'दोघं फिरतात'. निवेदनही सानिकाचंच आहे, तेव्हा तिथंही हेच चालू दे. आणि नाटकाला तिनं काय म्हणावं? खर्ड्यात 'फेक रिलेशनशिप' आहे. तेही ठेव, ओंकारच्या तोंडी. पण सानिकाला 'खोटं खोटं' देऊन बघ. भातुकलीत आपण खोटा खोटा चहा प्यायचो, खोटं खोटं रागवायचो, तोच शब्द. लहानपणी त्या चहाला खरंच चव लागायची. हे समजावून सांगू नकोस, शब्द आपलं काम करतो.

आणखी एक. कृष्णाकाठच्या पोरी सर्रास 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. मी साताऱ्याची, पुण्याला आल्यावर वर्षभर लोक हसायचे. तुझी सानिका पहिल्या पानापासून 'मी आले, मी गेले' म्हणते, पुण्याच्या मुलीसारखी. तिला मैत्रिणींत 'आलो' म्हणू दे. आणि ओंकारसमोर नाटक करताना ती जपून 'आले' म्हणते, सिनेमातल्या मुलीसारखी. मग एक दिवस त्याच्यासमोर सहज 'आलो की रं' निघून जातं. वाचकाला कळेल काय झालं ते.

ऋतुजाला खलनायिका करू नकोस, एवढंच म्हणेन. तिनं ओंकारला का सोडलं याचं एखादं चांगलं कारण दे आणि पुढं जा.

गॅदरिंगमध्ये माईकवरून सगळ्यांसमोर करार वाचून दाखवण्याचा प्रसंग काढून टाक. मला माहीत आहे, तो तुझा लाडका आहे. पण असे माईक मी आतापर्यंत इतक्या खर्ड्यांत ऐकलेत की वाचतानाच कानात शिट्टी वाजते. आपल्याकडं गुपित माईकवर फुटत नाही. भाजी निवडताना फुटतं.

इथं माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनासाठी असाच खर्डा माझ्याकडं होता. त्यात आई फार होती. दर दोन पानांनी आई यायची, काहीतरी विचारायची, जायची. मी लेखकाला सांगितलं, ही मधे मधे येते, गती मोडते, कमी करा. त्यानं केली. पुस्तक निघालं, चाललं नाही, आणि वर्षभरानं मी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, की मी त्यातला एकमेव ताण काढून टाकला होता. त्या आईच्या भीतीनं पोरं कुजबुजत होती. आई गेल्यावर ती मोठ्यानं बोलायला लागली, आणि मोठ्यानं बोलण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं. तेव्हापासून मी घर कापायला कुणाला सांगत नाही.

म्हणून तुझ्या नवव्या प्रकरणासाठी माझी सूचना अशी. आयर्विन पूल राहू दे बाजूला. संध्याकाळ, घर. मावशीचा फोन येऊन गेलाय. बाबा कोर्टातून आलेत, कोट खुर्चीला लावलाय, सानिका पाणी देते. ते पेला घेतात, पीत नाहीत, आणि उलटतपासणीच्या आवाजात नाही, साध्याच आवाजात विचारतात : "त्या देसायांच्या मुलाचं आणि तुझं काही आहे का?" ती म्हणते, "नाही बाबा." हे शंभर टक्के खरं आहे. तिला ते म्हणताना बरंही वाटतं, कारण महिनाभरात घरात बोललेलं हे तिचं पहिलं खरं वाक्य आहे. पण बाबा वकील आहेत, त्यांना ते खोटं वाटतं. खरं बोलून संशयात सापडलेली मुलगी घेऊन तू पुढची पाच प्रकरणं आरामात चालवशील : मोबाईल काढून घेणं, क्लासला बाबांनी स्वतः सोडायला येणं, वर्गाला त्यामुळे 'घरी कळलं रे!' म्हणून आणखी खात्री पटणं.

मग सोळाव्या प्रकरणात, जर्नल होऊन गेल्यावर, करार संपवून झाल्यावर, ऋतुजाचं आणि प्रथमेशचं जे व्हायचं ते झाल्यावर, तोच प्रश्न पुन्हा. तीच खुर्ची, तोच कोट. या वेळी बाबांना विचारायचंही नाहीये, आईनं भरीस घातलंय म्हणून विचारतात. शब्द अगदी तेच ठेव, एकही बदलू नकोस. ती म्हणते, "नाही बाबा." आणि या वेळी बाबांना पटतं. ते पेला उचलतात आणि सगळं पाणी पिऊन टाकतात.

नववं ते बारावं एवढंच आधी लिहून पाठव, पूर्ण खर्डा नको. मयुरीचं वय मात्र आत्ताच ठरव; ती सानिकापेक्षा लहान असेल तर फुटणार नाही, मोठी असेल तर आठवड्यात फुटेल, आणि तुझं वेळापत्रक त्यावर अवलंबून आहे.